परदेशातून आणलेले चित्रविचित्र प्राणी: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या डोंबिवलीच्या घरी हॉलमध्ये जे काचेचं शोकेस आहे त्यात आधी नवऱ्याचे शाळेतले कप आणि सासूबाईंचा पांढरा ताजमहाल होता, आता तिथे मांजरं, घोडा, बैल, एक बेडूक आणि एक जरा अवघड दिसणारा प्राणी आहे. घरी कोणी आलं की पहिला चहा होईपर्यंत सगळे नुसतं बघत असतात, दुसऱ्या चहाला प्रश्न सुरू होतात. त्यात कोणी सिंगापूरला चाललेलं असतं, कोणाच्या मुलीचं जपानचं बुकिंग झालेलं असतं. तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून काढलंय, आता जो विचारेल त्याला हेच पाठवणार.

प्राणीच का? सरळ फ्रिज मॅग्नेट का नाही आणत?

आणले की. पहिल्या ट्रिपला तीस आणले होते, बिल्डिंगमध्ये वाटले, आणि दोन वर्षांनी एका काकूंनी त्यातलाच एक मला परत गिफ्ट दिला. मॅग्नेट कोणी कोणाला दिला हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. पण मान हलवणारा लाल बैल दिलात तर ते घर तुमचं नाव घेतल्याशिवाय त्याच्यावरची धूळ पुसत नाही.

दुकानात शंभर प्राणी असतात, त्यातला कुठला घ्यायचा हे कसं ठरवता?

माझा एकच प्रश्न असतो: इथली माणसं हा प्राणी स्वतःच्या घरात ठेवतात का? ठेवत असतील तर घ्यायचा, नसतील तर दोनदा विचार करायचा.

आइसलँडमध्ये पफिन नावाचा नारिंगी चोचीचा पक्षी आहे, त्याला तिथे लुंडी म्हणतात, आणि टुरिस्टांना कचरा विकणाऱ्या दुकानांना तिथले लोक कुत्सितपणे 'लुंडाबूथ' म्हणतात, म्हणजे पफिनची दुकानं. झालं, कळलं ना तिथले लोक पफिनच्या त्या मगांकडे कसे बघतात ते. सिंगापूरचा मर्लायन तर चक्क टुरिझम बोर्डाचा लोगो म्हणून १९६४ मध्ये काढलेला आहे, वर सिंह आणि खाली मासा, पुतळा १९७२ मध्ये आला. त्याच्या पोटात ना दंतकथा ना आजीची गोष्ट. मर्लायनच्या डब्यातलं चॉकलेट खाऊन डबा टाकून द्यायला ठीक आहे.

आता याच्या उलट पेरूचे मातीचे बैल घ्या, तोरितो दे पुकारा म्हणतात त्यांना. पुनो भागात आणि कुस्कोच्या आसपास घराच्या छपरावर हे बैल जोडीने बसवलेले असतात, मध्ये क्रॉस, घराचं भलं व्हावं म्हणून. गंमत म्हणजे हे बैल मुळात चेक्का पुपुहा नावाच्या गावात बनायचे पण विकले जायचे पुकाराच्या रेल्वे स्टेशनवर, म्हणून नाव पुकाराचं पडलं. बनवतो एक आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही. पोळ्याला ज्यांच्याकडे खरे बैल नसतात ते मातीचे बैल पुजतात, त्यामुळे माझ्या आईला तो बैल बघून काही समजावून सांगावं लागलं नाही, तिने आधी हळदकुंकू लावलं आणि मग विचारलं कुठून आणला.

जपानला चाललोय, ते हात हलवणारं मांजर कुठून घेऊ?

एअरपोर्टवरून नको, एवढंच सांगते.

त्याला मानेकी नेको म्हणतात, म्हणजे बोलावणारं मांजर. इंग्लिशवाले त्याला टाटा करणारं समजतात कारण ते लोक बोलवताना तळवा वर करून बोटं स्वतःकडे वळवतात, जपानी लोक तळवा खाली ठेवून बोलवतात. म्हणजे अगदी आपल्यासारखं! आपणही गॅलरीतून पोराला 'ये रे वर' म्हणताना हात असाच हलवतो. तर हे मांजर आपल्यालाच बोलावतंय असं मी धरून चालते.

टोकियोत सेतागाया भागात गोतोकुजी नावाचं देऊळ आहे. गोष्ट अशी की ई नाओताका नावाचा सरदार तिथून चालला होता, देवळाच्या दारात मांजराने त्याला हात करून बोलावलं, तो आत आला आणि बाहेर धो धो पाऊस आणि विजा सुरू झाल्या. मग त्याने त्या गरीब देवळाला आश्रय दिला. आज तिथे शेकडो पांढरी मांजरं ओळीत मांडलेली आहेत, अगदी अंगठ्याएवढ्यापासून मोठ्यापर्यंत, लोक देवळातून मांजर विकत घेतात, घरी नेतात आणि इच्छा पूर्ण झाली की परत आणून ठेवतात. म्हणजे नवस फेडायलाच येतात की. या मांजरांचा उजवा हात वर असतो आणि हातात नाणं नसतं. देवळाचं म्हणणं असं की मांजर तुम्हाला पैसा देत नाही, संधी देतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मला हे फार पटलं.

ज्यांना नाण्यावालं, रंगीत, जरा नखरेल मांजर हवंय त्यांनी नागोया साईडला तोकोनामे गाव बघा. जुन्या मातीकामाचं गाव आहे, या मांजरांचं मोठं उत्पादन तिथे होतं, आणि नागोयाचा एअरपोर्ट त्याच गावच्या हद्दीत येतो त्यामुळे फ्लाइटच्या आधी दोन तास जरी मोकळे असले तरी जमतं. हाताचं गणित साधारण असं की डावा वर असेल तर गिऱ्हाईक बोलावतो आणि उजवा वर असेल तर पैसा. दुकानदार असाल तर डावा घ्या. दोन्ही हात वर केलेलं पण मिळतं पण ते मला हातवर करून पोलिसांना शरण आल्यासारखं वाटतं.

आणि तो पोट सुटलेला, टोपीवाला, खाली बघवत नाही असा प्राणी कोण?

तो तानुकी. कुत्र्याच्या कुळातला खरा प्राणी आहे, दिसायला थोडा रकूनसारखा, जपानी गोष्टींमध्ये तो रूप बदलून लोकांना फसवतो. त्याच्या मातीच्या पुतळ्यांसाठी शिगाराकी गावची भट्टी प्रसिद्ध, शिगा जिल्ह्यात, क्योतोपासून लांब नाही. डोक्यावर गवताची टोपी, एका हातात दारूची बाटली, दुसऱ्या हातात उधारीची वही, आणि पोटाखालचं जे काही आहे ते थेट जमिनीला टेकलेलं. लाजू नका, तिथे खानावळीच्या, बारच्या दारात सगळीकडे हा उभा असतो आणि त्या पिशवीचा अर्थ पैशाची थैली असाच घेतात. असं सांगतात की सोनार लोक सोन्याचा पातळ वर्ख ठोकताना तानुकीच्या कातड्यात गुंडाळून ठोकायचे, थोडं सोनं लांबच लांब पसरायचं, त्यावरून ही कल्पना आली. आपल्या मिठाईवरच्या वर्खाची जुनी पद्धत आठवली ना लगेच?

१९५१ मध्ये जपानचे सम्राट शिगाराकीला गेले तेव्हा गावकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला तानुकी ओळीने उभे केले आणि प्रत्येकाच्या हातात झेंडा दिला. सम्राटांना इतकं आवडलं की त्यांनी त्यावर कविता केली, आणि मग हा प्राणी देशभर पोचला. आमचा वीतभर उंचीचा आहे. गुडघ्याएवढा घ्यायचा होता पण नवऱ्याने नुसतं माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, मी समजले.

लाल बैल मान का हलवतो?

कारण त्याची मान वेगळी आहे, दोरीने आत टांगलेली. अकाबेको नाव आहे, फुकुशिमातल्या आइझू भागातलं कागदाच्या लगद्याचं खेळणं. पूर्वी देवी यायच्या तेव्हा पोरांना या बैलामुळे त्रास होत नाही अशी समजूत होती, अंगावर काळे ठिपके असतात ते त्या देवीच्या फोडांचे म्हणतात. लाल रंग रोग पळवतो असंही.

माझे सासरे असते तर एका शब्दात बोलले असते: नंदीबैल. गुबुगुबु वाजवत यायचा, 'पाऊस पडेल का सांग' म्हटलं की मान हलवायचा. आमच्याकडे आता मुलं परीक्षेच्या आधी त्या जपानी बैलाला 'पेपर सोपा जाईल का' विचारतात आणि टपली मारतात. तो कधीच नाही म्हणत नाही. वजन काहीच नाही, फुटत नाही, चेपू शकतो मात्र, म्हणून बॅगेत सगळ्यात वर ठेवायचा.

स्वीडनचा लाल घोडा खरा कुठला?

दालार्ना प्रांतात मोरा गावाजवळ नुस्नेस म्हणून छोटं गाव आहे, तिथल्या ओल्सन घराण्यातल्या भावंडांच्या दोन वर्कशॉप एकमेकांच्या जवळच आहेत, एक १९२२ ची, दुसरी १९२८ ची. जंगलात लाकूड तोडायला गेलेली माणसं थंडीच्या रात्री उरलेल्या लाकडातून पोरांसाठी घोडे कोरायची, तिथून सुरुवात. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये स्वीडनवाल्यांनी अवाढव्य घोडा उभा केला आणि मग मागणी धो धो वाढली.

महाग असतो, हे आधीच सांगते. स्टॉकहोमला जुन्या गावातल्या गल्लीत स्वस्त मिळतो तो उचलून बघा, हलका प्लॅस्टिकसारखा लागला, रंगाची नक्षी छापील दिसली की ठेवून द्या. खऱ्यावर ब्रशचा फटकारा दिसतो, एकाच पट्ट्यात दोन रंग. नागपूरकडच्या लोकांना तर हा घोडा बघून तान्हा पोळाच आठवेल, फक्त याला चाकं नाहीत.

सासूबाईंसाठी ग्रीसहून घुबड आणलं, आता काय करू?

हा प्रश्न मला एका मैत्रिणीने अथेन्सच्या एअरपोर्टवरून केला होता, फार उशीर झालेला होता.

ग्रीसमध्ये घुबड म्हणजे अथेनाचा पक्षी, शहाणपणाचा. जुन्या अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर होतं आणि आजच्या ग्रीसच्या १ युरोच्या नाण्यावर तेच घुबड आहे. (हे नाणं हेच सगळ्यात स्वस्त सुव्हेनियर, सुट्ट्यांमधून शोधा, दुकानात जायलाच नको.) आणि आपल्याकडे घुबड छपरावर बसलं तर आजी लोक हातातलं काम टाकून त्याला हाकलायला धावतात. बंगालमध्ये तेच लक्ष्मीचं वाहन, आपली कोजागरी असते त्याच रात्री त्यांची लक्ष्मीपूजा, आणि लक्ष्मीच्या पायाशी घुबड. सांगून बघा पण सासूबाई बंगाली नसतील तर उपयोग होत नाही.

मी तिला वेगळी आयडिया दिली. अथेनाचं जे घुबड आहे ते छोटं असतं, आणि आपला जो पिंगळा आहे ना, संध्याकाळी वायरवर बसून डोळे वटारतो तो, दोघं एकाच कुळातले, शास्त्रीय नावातसुद्धा दोघांच्या आधी अथेनाच येतं. तर म्हणायचं, 'आई, हा पिंगळा आहे.' पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगत फिरणारे पिंगळे गावाकडच्या सगळ्या बायकांना माहीत असतात, ते आले की सुपातून धान्य द्यायचे. म्हणजे पिंगळा वाईट नाही. त्या सासूबाईंनी ते दोन मिनिटं हातात धरलं आणि 'बरं, पण बेडरूममध्ये नको' एवढ्यावर मिटलं.

याच धर्तीवर जर्मनीत डुक्कर शुभ मानतात, नवीन वर्षाला मार्झिपानची गुलाबी डुकरं वाटतात. बदामाचा लगदा असतो, खायला मस्त, पण देताना माणूस बघून द्या. इजिप्तचा स्कॅरब म्हणजे शेणकिडा. तोही तिकडे सूर्यदेवाचा. कैरोच्या खान अल खलिली बाजारात कोणी म्हणालं की हा खरा, थडग्यातला आहे, तर हसून पुढे चला. खोटा असेल तर फसलात आणि खरा असेल तर गुन्हा, १९८३ च्या कायद्याने पुरातन वस्तूंचा धंदाच बंद केलेला आहे.

पोर्तुगालचा कोंबडा गोव्यातपण मिळतो ना? मग तिथून कशाला?

काळा कोंबडा, लाल तुरा, अंगभर बदाम आणि फुलं. बार्सेलोस गावचा. गोष्ट अशी सांगतात की सांतियागोच्या यात्रेला निघालेल्या एका माणसावर चोरीचा आळ आला, फाशी ठरली, न्यायाधीश जेवायला बसला होता, यात्रेकरू म्हणाला मी निर्दोष असेन तर ताटातला हा भाजलेला कोंबडा आरवेल. आणि आरवला. मला या गोष्टीत कायम न्यायाधीशाचं वाईट वाटतं, जेवणपण गेलं.

गोव्यात जुन्या घरांच्या गेटच्या खांबांवर, छपरावर कोंबडे, सिंह, शिपाई बसवलेले दिसतात ते बघायलाच पाहिजेत, ते त्या घरांचे स्वतःचे आहेत. पण बार्सेलोसचा कोंबडा घ्यायचा तर तिकडूनच घ्या. खरं सांगू का, लिस्बनमध्ये मला कोंबड्यापेक्षा सार्डिन जास्त आवडल्या. जूनमध्ये सांतो आंतोनियोचा सण असतो, १२ तारखेच्या रात्री गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, आणि मग दुकानांत कापडाची सार्डिन, चिनी मातीची सार्डिन, सार्डिनची उशी. सार्डिन म्हणजे आपल्या तारल्या हो! बाजारात आपण ज्याला स्वस्तातला मासा म्हणून नाक मुरडतो त्याची उशी पंधरा युरोला घेऊन आले. आईने विचारलं आत काटे आहेत का.

हस्तिदंत, शिंपले, कासवाची क्लिप, हत्तीच्या केसाची अंगठी, यातलं काय चालतं?

काहीच आणू नका. हे एकच उत्तर मी गंमत न करता देते.

प्राण्यासारखी दिसणारी वस्तू आणि प्राण्यापासून केलेली वस्तू यातला फरक लक्षात ठेवा. साइट्स नावाचा वन्यप्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे, भारत त्यात १९७६ पासून आहे, आणि आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधल्या प्राण्यांसाठी वेगळी यादीच जोडली. दुकानदार म्हणतो 'नो प्रॉब्लेम मॅडम, सर्टिफिकेट देतो'. त्याचं सर्टिफिकेट मुंबईच्या कस्टम्सला लागू होत नाही. तो तिथेच बसणार आहे, बॅग तुमची उघडणार आहेत.

प्रवाळ म्हणजे कोरल, बीचवर तुटून पडलेला तुकडा का असेना, नको. आपल्या कायद्यात प्रवाळ शेड्यूल एकमध्ये आहे, वाघाच्याच यादीत. समुद्री घोडा वाळवून किचेन केलेला मिळतो, नको. कासवाच्या पाठीची क्लिप, चष्म्याची फ्रेम, ती हॉक्सबिल कासवाची असते, अजिबात नको. हत्तीच्या केसाची अंगठी आफ्रिकेत आणि श्रीलंकेत विकायला येते, बऱ्याचदा प्लॅस्टिकची असते आणि ती प्लॅस्टिकची असली तर देव पावला म्हणायचं. काचेत सापविंचू घातलेली व्हिएतनामी दारूची बाटली, फ्रेममधली मोठी फुलपाखरं, मगरीचं पाकीट, सगळ्याला हात जोडा. आणि शिंपलेसुद्धा बीचवरून पिशवी भरून उचलायचे नाहीत. इटलीच्या सार्डिनियात वाळू आणि शिंपले नेले तर २०१७ च्या कायद्याने ५०० ते ३००० युरो दंड आहे, आपली पोरं बाटलीत वाळू भरतात तेव्हा हे आठवा.

हत्तीचंच काही हवं असेल तर हत्तीच्या शेणाच्या कागदाची वही घ्या, थायलंडला चियांग माईत आणि श्रीलंकेत मिळते. वास येत नाही. हत्तीला गवत नीट पचत नाही त्यामुळे शेणात भरपूर धागे राहतात, ते उकळून कागद होतो. आमच्या कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने ती वही इंजिनिअरिंगच्या नोट्सना वापरली आणि त्यावर जो जोक करायचा तो त्याने स्वतःच केला.

उलटं विचारते, तिकडच्या मैत्रिणीला मोरपीस नेऊ का?

नको. गळून पडलेली पिसं आपल्या घरात ठेवायला हरकत नाही पण देशाबाहेर न्यायला बंदी आहे. सावंतवाडीचं लाकडी खेळणं न्या. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला चालला असाल तर ते लाकडाचं आहे हे उतरताना फॉर्मवर लिहा, लपवलंत तर दंड, लिहिलंत तर बहुतेक वेळा बघून परत देतात.

टायगर बाममध्ये वाघाचं काही असतं का? आमच्याकडे सगळे शाकाहारी आहेत.

नाही हो. कापूर, मेंथॉल, लवंगेचं तेल वगैरे. ज्याने हा धंदा वाढवला त्याच्या नावात वाघ होता, ऑ बून हॉ, त्यातल्या हॉचा अर्थ वाघ. बिनधास्त डझनाने आणा, सगळे आणतातच.

पण जपानच्या केमिस्टकडे घोड्याचं चित्र असलेली क्रीमची डबी मिळते ना, तिच्यात मात्र खरोखर घोड्याची चरबी असते. एका जैन मैत्रिणीसाठी मी ती आणणार होते, कॅश काउंटरवर मोबाइलने भाषांतर केलं म्हणून वाचले. ऑस्ट्रेलियातलं इमू ऑइल, तेही इमूच्या चरबीचं. मेंढीचं लॅनोलिन मात्र लोकरीवरचा मेणचट भाग असतो, मेंढी जिवंत राहते, तरी समोरच्याला सांगून द्या, ठरवू दे त्याला.

सगळ्यात विचित्र काय बघितलं?

केर्न्सला, ऑस्ट्रेलियात, बेडकाचं पाकीट. अख्ख्या मोठ्या बेडकाचं, तोंडासकट, पोटाला चेन.

त्याच्यामागची गोष्ट आपल्या ऊसवाल्यांनी ऐकावी अशी आहे. क्वीन्सलँडमध्ये उसाला भुंगेऱ्यांनी पिडलं होतं, त्यांच्या अळ्या जमिनीत मुळं खायच्या, आपल्याकडे जिला हुमणी म्हणतात तोच प्रकार. तर सरकारी लोकांनी १९३५ मध्ये हवाईहून शंभरेक केन टोड, म्हणजे हेच मोठे बेडूक, आणले, हे भुंगे खातील म्हणून. भुंगे बसायचे उसाच्या शेंड्याला, अळ्या जमिनीच्या आत, आणि टोड बिचारा मध्ये जमिनीवर. त्याला दोन्ही मिळेनात. तो बाकी सगळं खात सुटला, त्याच्या अंगात विष, त्यामुळे त्याला खाणारा प्राणीच मरतो. आज हा टोड उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरलाय आणि लोक त्याची पाकिटं करून विकतात. म्हणजे इथे प्राण्याची वस्तू घेऊन निसर्गाला मदतच होते असा दुकानदाराचा मुद्दा होता, आणि मुद्दा चुकीचा नव्हता. मी हातात घेतलं, चेन उघडली, त्या डोळ्यांकडे बघितलं आणि परत ठेवलं. त्यातून मी भाजीवाल्याला सुट्टे काढून देतेय हे चित्र डोळ्यासमोर आलं. शेजारी कांगारूच्या अंडकोषाच्या चिल्लर ठेवायच्या थैल्या होत्या. त्यावर अजून काही लिहीत नाही.

घासाघीस करायची का?

जपानमध्ये नाही, किंमत लिहिली आहे तीच, उगाच तोंड वाकडं करून घ्यायचं नाही. स्वीडनमध्ये नाही. इस्तंबूल, कैरो, बँकॉकच्या बाजारात अवश्य करा, न केलीत तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटतं. आपल्याला ट्रेनिंग लागत नाही, पण तुळशीबागेत करता तशी 'निम्म्यात दे' म्हणून पाठ फिरवून चालू पडायची युक्ती सगळीकडे चालत नाही, काही ठिकाणी ते खरंच जाऊ देतात आणि मग परत जायला लाज वाटते.

आणि तुळशीबागेचं निघालंच आहे तर माझीही फजिती सांगते. परदेशातल्या एका बाजारात एका बाईने मला शपथेवर सांगितलं की हा हत्ती तिच्या वडिलांनी हाताने कोरलाय. मी भावुक होऊन जास्तच पैसे दिले. चार महिन्यांनी तुळशीबागेत तोच हत्ती, तीच सोंड, तोच कानावरचा तडा, एकशेऐंशीला. कानावरचा तडासुद्धा सेम, म्हणजे तो साच्यातच होता. ती बाई किंवा तिचे वडील फार कष्टाळू असणार एवढंच मी म्हणेन.

म्हणजे खाली मेड इन चायना असेल तर घ्यायचंच नाही?

असं काही नाही, चीनमध्ये असाल तर घ्या की.

फुटणाऱ्या वस्तू आणता कशा?

टूरला जाताना चिवडा, चकल्या, लाडू यांचे जे डबे नेतो ते येताना रिकामे असतात, तेच खरं पॅकिंग. स्टीलचा डबा, आत मोजे, मोज्यात मांजर, वर रुमाल, झाकण घट्ट. त्या डब्यातून मी तोकोनामेचं मांजर मुंबईला आणलं आणि त्याला आठवडाभर चकलीचा वास होता. डबा बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे, कोपऱ्यात कधीच नाही कारण बॅग कोपऱ्यावरच आपटतात. कान, शेपटी, शिंगं, वर केलेला हात हे आधी तुटतं, त्यामुळे आधी त्याच्याभोवती टिश्यू गुंडाळायचा आणि मग अख्ख्या प्राण्याभोवती. दोन वस्तू एका मोज्यात नको. फारच नाजूक असेल तर हँडबॅगेत, पण तेव्हा सिक्युरिटीला उघडून दाखवायची तयारी ठेवा, माझा तानुकी दोन देशांच्या ऑफिसरनी उलटा करून बघितलाय आणि दोघांनीही पटकन परत ठेवला.

हँडबॅगेत काय चालत नाही?

पाण्यातला पेंग्विन, म्हणजे हलवल्यावर बर्फ पडतो तो काचेचा गोळा, तो लिक्विडमध्ये धरतात, १०० मिलीच्या वर असेल तर गेला. तो चेक इनमध्ये टाका. आणि बॅटरीवर हात हलवणारं मांजर असेल तर सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या उलट हँडबॅगेतच लागतात. सोलरवालं घ्या, कटकट नाही, खिडकीत ठेवलं की दिवसभर बोलावत बसतं.

कस्टम ड्यूटी लागते का?

दोनचार मांजरांना कोण ड्यूटी लावतंय. २०१६ च्या बॅगेज रूल्समध्ये बहुतेक देशांतून येणाऱ्या आपल्या माणसाला ५०,००० रुपयांपर्यंत माल फुकट होता, नेपाळ भूतानसारख्यांना कमी. हे आकडे बदलत असतात, निघायच्या आधी कस्टम्सच्या साइटवर बघून घ्या. बिलं ठेवा. आणि एकाच जातीचे चाळीस घोडे आणलेत तर ते सुव्हेनियर म्हणून कोणी मानणार नाही.

लाकडी प्राण्यातून भुसा पडतोय!

आत किडा आहे. मेक्सिकोच्या ओआहाका भागातले रंगीबेरंगी अलेब्रिहे कोपाल नावाच्या मऊ लाकडाचे असतात, त्यात हे हमखास होतं. बाकी ते प्रकरण फार भारी आहे, पेद्रो लिनारेस नावाचा कागदकाम करणारा कारागीर १९३६ च्या सुमारास आजारी पडला, तापात त्याला पंख असलेली गाढवं, शिंगवाले कोंबडे दिसले आणि ते 'अलेब्रिहे' असं ओरडत होते, बरा झाल्यावर त्याने ते बनवायला घेतले. तो कागदाच्या लगद्यातून करायचा, लाकडातले नंतर ओआहाकात आले.

उपाय सोपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पंधरा दिवस डीप फ्रीझरमध्ये. घरच्यांना आधी सांगा. आमच्याकडे एका पाहुण्याने आइस्क्रीम काढायला फ्रीझर उघडला आणि वाटाण्यांमधून निळी गोधडीसारखी पाल बघत होती.

शेवटच्या दिवशी सुट्टी नाणी उरतात, त्याचं काय?

नाणी इकडे कोणी बदलून देत नाही. जपानमध्ये असाल तर गाशापॉन. नाणी टाकायची, खटका फिरवायचा, गोळा पडतो, आत छोटा प्राणी. एअरपोर्टवर ओळीने मशिनी असतात. ऑफिसकडे पाठ करून बसलेली मांजर, ब्रेडमधला कुत्रा, काय वाट्टेल ते निघतं आणि काय निघेल ते आपल्या हातात नसतं. साधारण ३०० ते ५०० येनला एक. लहान मुलांना वाटायला यापेक्षा चांगलं काही नाही.

मोठ्या प्रमाणावर लहान मुलांना वाटायचं तर?

थायलंडचा लाकडी बेडूक! पाठीवर दाते कोरलेले असतात, काठी फिरवली की डराँव डराँव. बँकॉकला खाओ सान रस्त्यावर आखा जमातीच्या बायका डोक्यावर नक्षीची टोपी घालून तोच वाजवत फिरतात, रात्री बारालाही. बेडूक जेवढा लहान तेवढा आवाज बारीक, म्हणून मोठा घेऊ नका. ज्या वहिनींनी तुम्हाला लग्नात फार बोलून दाखवलं होतं त्यांच्या मुलाला मात्र मोठाच द्या.

मागच्या महिन्यात आलो तेव्हा तुमच्या तानुकीने धोतर नेसलं होतं, ते जपानी आहे का?

नाही, ते सासूबाईंचं. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, चाळीस बायका येणार, शोकेस दाराच्या समोर. त्या मला काही बोलल्या नाहीत, दुपारी शिवणाचं मशीन उघडलं आणि ब्लाउजपीसच्या तुकड्याचं धोतर शिवून त्याला नेसवलं. मला वाटलं कार्यक्रम झाला की काढतील, तर नाही, तेव्हापासून ते तसंच आहे, पंधरा दिवसांनी धुवायला निघतं. काठ पैठणीचे आहेत.